स्वीडनमध्ये दवाखान्याची फी: फ्रीकोर्ट मिळेपर्यंतचा हिशेब पायरीपायरीने

स्वीडनमधली आरोग्यसेवा करातून चालते, पण भेटीगणिक रुग्णाला थोडी फी भरावीच लागते. ही फी एका ठरावीक रकमेपर्यंतच घेता येते. ती रक्कम भरून झाली की उरलेल्या मुदतीत भेटी मोफत होतात. या संरक्षणाचं नाव ह्योगकोस्टनाड्सश्युड, आणि मर्यादा गाठल्यावर मिळतं ते फ्रीकोर्ट. इतपत माहिती इथे आलेल्या प्रत्येकाला महिन्याभरात होते. चुका होतात त्या त्यापुढच्या हिशेबात. वर्ष जानेवारीपासून मोजलं जातं, नवरा-बायकोची फी एकत्र धरतात, डॉक्टर आणि औषधं एकाच मर्यादेत येतात, असं बरेच जण धरून चालतात. यातलं एकही खरं नाही, आणि प्रत्येक गैरसमजाचे पैसे मोजावे लागतात.

पायरी १: आधी आपण या व्यवस्थेत आहोत का ते पाहा

हे संरक्षण स्वीडनमध्ये रहिवासी म्हणून नोंद झालेल्यांसाठी आहे. ही नोंद स्काट्टेवेर्केट, म्हणजे कर कार्यालय, करतं. त्यासाठी किमान एक वर्ष राहण्याचा इरादा आणि तसा परवाना लागतो. नोंद झाली की पर्सननंबर, म्हणजे वैयक्तिक ओळख क्रमांक, मिळतो आणि तिथून पुढे रुग्ण म्हणून तुम्ही आणि जन्माने स्वीडिश असलेला माणूस यांत फीच्या दृष्टीने काही फरक राहत नाही. पगार किती, नोकरी आहे की नाही, याचाही संबंध नाही.

वर्षापेक्षा कमी मुदतीच्या कामावर आलेल्यांना सहसा पर्सननंबर मिळत नाही. त्यांना उपचाराचा पूर्ण खर्च पडतो, म्हणून कंपनीचा विमा नेमकं काय भरतो ते येण्याआधीच लेखी विचारून घ्या.

सावधान: भारतातून भेटीला आलेले आईवडील या संरक्षणात येत नाहीत. मुलाकडे फ्रीकोर्ट असलं तरी त्यांना पूर्ण दर लागतो, आणि इस्पितळात एखादी रात्र काढावी लागली तरी आकडा मोठा होतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी विमा सक्तीचा आहे, पण बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार वगळलेला असतो. पॉलिसीतलं ते एक कलम तिकीट काढण्याआधी वाचा.

पायरी २: तीन खाती वेगळी मांडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. संरक्षण एक नाही, तीन आहेत, आणि एकातली रक्कम दुसऱ्यात कधीच मोजली जात नाही.

१. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचार अशा भेटी. २०२५ मध्ये मर्यादा जास्तीत जास्त १,४५० क्रोनर. २०२६ मध्येही तेवढीच. ती मूळ किंमत-रकमेच्या (प्रिसबासबेलोप, महागाईनुसार सरकार दरवर्षी ठरवतं तो आकडा) अडीच टक्के असते आणि खालच्या पन्नासाला पूर्ण केली जाते. म्हणून एखाद्या वर्षी वाढते, एखाद्या वर्षी तशीच राहते.

२. चिठ्ठीवरची औषधं. १ जुलै २०२५ पासून मर्यादा ३,८०० क्रोनर. जुन्या लेखांत २,८५० किंवा २,९०० दिसेल. ते आकडे आता विसरा.

३. दात. इथे "याच्यापुढे मोफत" अशी रेषाच नाही, फक्त वाढती सूट आहे. त्याचं गणित शेवटच्या पायरीत.

एका वहीत किंवा फोनवरच्या नोंदवहीत तीन रकाने करा. प्रत्येकात तारीख, ठिकाण, भरलेली रक्कम, आणि ती मोजली गेली की नाही. घरात दोघं प्रौढ असतील तर सहा रकाने, कारण प्रत्येक प्रौढाचं खातं स्वतंत्र असतं. मुलांचं तसं नाही: १८ वर्षांखालच्या मुलांच्या भेटी बहुतेक ठिकाणी मोफतच असतात, आणि जिथे फी लागते तिथे एकाच घरातल्या मुलांची फी मिळून एक मर्यादा धरतात.

पायरी ३: मुदतीची सुरुवात शोधा

मुदत १ जानेवारीला सुरू होत नाही. तुम्ही पहिली मोजली जाणारी फी ज्या भेटीला भरली, त्या दिवसापासून बारा महिने. बिल घरी येऊन नंतर भरलं तरी धरली जाते ती भेटीची तारीख.

फी प्रत्येक रीजन, म्हणजे आरोग्यसेवा चालवणारं प्रादेशिक प्रशासन, स्वतः ठरवतं आणि स्वीडनमध्ये अशी २१ रीजन आहेत. वोर्डसेंट्रलच्या, म्हणजे प्राथमिक दवाखान्याच्या, भेटीला बहुतेक ठिकाणी शंभर ते तीनशे क्रोनरच्या दरम्यान पडतात. तज्ज्ञाची आणि तातडीच्या विभागाची फी सहसा त्याहून जास्त. समजा तुमच्या रीजनमध्ये वोर्डसेंट्रलला ३००, तज्ज्ञाला ४०० आणि फिजिओथेरपीला १५० क्रोनर लागतात:

१० मार्च, वोर्डसेंट्रल: ३०० भरले. एकूण ३००. मुदत सुरू.
२ मे, तज्ज्ञ: ४००. एकूण ७००.
१८ ऑगस्ट, फिजिओथेरपी: १५०. एकूण ८५०.
६ ऑक्टोबर, तज्ज्ञ: ४००. एकूण १,२५०.
१२ नोव्हेंबर, वोर्डसेंट्रल: फी ३००, पण मर्यादेला २०० च कमी आहेत. म्हणून २०० भरायचे.

१२ नोव्हेंबरपासून फ्रीकोर्ट लागू, पण ते पुढच्या वर्षीच्या ९ मार्चपर्यंतच. म्हणजे चार महिन्यांहून कमी. "फ्रीकोर्ट मिळालं, आता वर्षभर चिंता नाही" असं म्हणणाऱ्यांचा हिशेब नेमका इथे चुकतो: कार्ड हातात आल्यापासून वर्ष मोजलं जात नाही. ९ मार्चनंतर पुढची भेट २० एप्रिलला झाली, तर नवी मुदत २० एप्रिलला सुरू होईल. मधल्या काळात घड्याळ बंद असतं.

तपासा: गेल्या बारा महिन्यांतली तुमची पहिली फी भरलेली भेट कोणती? ती तारीख वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

पायरी ४: काय मोजतात, काय नाही

मोजलं जातं: रीजनच्या आणि रीजनशी करार असलेल्या खासगी दवाखान्यांतल्या भेटी. इथली बरीच वोर्डसेंट्रल खासगी कंपन्या चालवतात, पण करार असल्यामुळे फी आणि संरक्षण तेच. मोबाइलवरून व्हिडिओ भेट देणाऱ्या सेवांचंही तसंच. करार असेल तर भेट मोजतात. दुसऱ्या रीजनमध्ये, सुट्टीवर असताना भरलेली फीही मोजतात.

मोजलं जात नाही:

इस्पितळात दाखल असतानाचा रोजचा आकार. तो दिवसाला १३० क्रोनरच्या आसपास असतो, आणि फ्रीकोर्ट असलं तरी लागतो. शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस राहिलात तर साडेसहाशे क्रोनर वेगळे गृहीत धरा.

न गेलेल्या अपॉइंटमेंटचा दंड. बहुतेक ठिकाणी निदान २४ तास आधी रद्द करावी लागते. हा दंड फ्रीकोर्टवाल्यांनाही लागतो, आणि बऱ्याच रीजनमध्ये एरवी मोफत असलेल्या मुलांच्या भेटीलाही. मुलाला ताप आला म्हणून त्याची दुसरी, आधी ठरलेली तपासणी राहून जाते आणि आठवड्याने बिल येतं, हे नेहमीचं आहे. फोन लागत नसेल तर ११७७ या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर लॉगिन करून रद्द करा. तिथे वेळेची नोंद राहते.

प्रवासासाठीच्या लसी, वाहन परवान्यासारख्या कामांची प्रमाणपत्रं, स्वतःच्या मनाने करून घेतलेल्या तपासण्या, बिलावरचा स्मरणपत्राचा आकार. करार नसलेला खासगी डॉक्टर. भारतात जाऊन केलेले उपचार आणि तिथून आणलेली औषधं. इस्पितळात जायच्या-यायच्या टॅक्सीचा खर्चही या खात्यात येत नाही. त्याला रीजनची वेगळी मर्यादा असते.

आणि काही गोष्टींना मुळातच फी नाही, त्यामुळे मर्यादेकडे मोजण्याचा प्रश्नच येत नाही: गरोदरपणातल्या तपासण्या, ४० ते ७४ वयातल्या स्त्रियांची बोलावणं येऊन होणारी मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी, ८५ वर्षं पूर्ण झालेल्यांच्या भेटी, आणि संसर्ग कायद्याखाली येणाऱ्या क्षयासारख्या आजारांची तपासणी व उपचार. यातल्या कशाची फी मागितली गेली तर तिथेच विचारा. काउंटरवर चुकून दुसरा कोड टाकला जातो, मुद्दाम कोणी करत नाही.

पायरी ५: काउंटरवर तीन गोष्टी

१. ओळखपत्र दाखवा आणि फी पर्सननंबरवर नोंदवली जाते आहे ना ते पाहा. आता बहुतेक ठिकाणी फ्रीकोर्ट इलेक्ट्रॉनिक आहे. शेवटची फी भरताच ते आपोआप तयार होतं, अर्ज करावा लागत नाही.

२. दवाखाना त्या यंत्रणेला जोडलेला नसेल तर पावती मागा. छोटे फिजिओथेरपिस्ट आणि दुसऱ्या रीजनमधले दवाखाने इथे हमखास सुटतात. पावतीवर नाव, तारीख, रक्कम आणि ही रक्कम संरक्षणात मोजली जाते असा उल्लेख हवा. कार्ड मशीनमधून निघणारी चिठ्ठी पुरत नाही, कारण तिच्यावर तुमचं नाव नसतं.

३. पुढच्या भेटीला ती पावती आधी दाखवा, मग पैसे भरा. उलट क्रमाने केलंत तर जास्तीचे पैसे परत मिळवत बसावं लागतं.

तपासा: दर दोन-तीन भेटींनंतर ११७७ वर बँकआयडीने (बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख) लॉगिन करून, किंवा रीजन तिथे दाखवत नसेल तर काउंटरवर विचारून, जमा रक्कम वहीतल्या रकमेशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो बहुधा दुसऱ्या रीजनमधल्या भेटीचा असतो.

पायरी ६: औषधांचं खातं

हे खातं रीजनचं नाही, देशभर एकच आहे. कोणत्याही फार्मसीत घ्या, नोंद ई-हेल्सोमिंदिगहेतेन या सरकारी संस्थेकडे आपोआप होते. पहिल्या खरेदीपासून बारा महिने मोजतात, आणि ही तारीख भेटींच्या खात्याच्या तारखेपेक्षा वेगळी असणार.

सुरुवातीचे २,००० क्रोनर पूर्ण तुमचे. त्यापुढे टप्प्याटप्प्याने वाढती सूट, आणि तुमच्या खिशातून ३,८०० गेले की उरलेली मुदत मोफत. लक्षात घ्या, ३,८०० ही तुम्ही भरलेली रक्कम आहे, औषधांची छापील किंमत नाही. महागडं औषध एकच असलं तर पहिल्याच खरेदीत सगळी रक्कम एकदम भरावी लागते. ती जड जात असेल तर फार्मसीत हप्त्यांबद्दल विचारा. बऱ्याच साखळ्या ही सोय देतात. १८ वर्षांखालच्या मुलांची, सवलतीत बसणारी चिठ्ठीवरची औषधं मोफत असतात.

इथे पैसे गळतात ते चार ठिकाणी.

पहिलं: सगळी औषधं सवलतीत नसतात. कोणतं औषध सवलतीत, हे टीएलव्ही ही संस्था ठरवते, आणि काही औषधं ठरावीक आजारासाठीच किंवा दुसरं औषध लागू पडलं नाही तरच सवलतीत असतात. चिठ्ठी असूनही पूर्ण किंमत लागली तर बिलावर पाहा, औषध सवलतीबाहेरचं असेल. असा पैसा खात्यात मोजला जात नाही. यावर उपाय फार्मसीत नाही, डॉक्टरकडे आहे: त्याच गटातलं सवलतीतलं औषध चालेल का, हे चिठ्ठी लिहिताना विचारा.

दुसरं: औषध बदलायला नकार. सारख्या औषधांपैकी सगळ्यात स्वस्त कोणतं, हे दर महिन्याला जाहीर होतं आणि फार्मसी तेच देऊ करते. डबीचा रंग बदलला म्हणून लोक जुनीच मागतात. ती मिळते, पण किमतीतला फरक तुमचा, आणि तो फरक मर्यादेत मोजत नाहीत. वर्षानुवर्षं एखादं औषध घेणारा माणूस हा फरक मर्यादा गाठल्यावरही भरत राहतो. खरंच त्रास होत असेल, उदाहरणार्थ एखाद्या घटकाची ॲलर्जी, तर डॉक्टरला चिठ्ठीवर बदल नको अशी खूण करायला सांगा. मग फरक लागत नाही.

तिसरं: चिठ्ठीवर दवाखान्याचा कोड नसणं. सवलत लागू व्हायला लिहिणाऱ्या डॉक्टरचा कार्यस्थळ कोड लागतो. करार नसलेल्या खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो कधीकधी नसतो आणि पूर्ण किंमत पडते. घरी जाऊन मग तक्रार करण्यापेक्षा काउंटरवरच थांबा, पैसे भरू नका, दवाखान्याला फोन करून चिठ्ठी दुरुस्त करून घ्या.

चौथं: एकदम साठा करण्याचा प्रयत्न. सवलतीत एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांचं औषध मिळतं, आणि पुढचं घ्यायला मागच्या साठ्याचा दोन-तृतीयांश काळ उलटावा लागतो. १ जानेवारीला ९० दिवसांचं घेतलं तर पुढचं सवलतीत मिळेल २ मार्चच्या सुमारास. भारतात दोन महिने जायचं असेल तर प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजून खरेदीचं वेळापत्रक आधीच लावा. विमानाच्या आदल्या दिवशी फार्मसीत "अजून बारा दिवस थांबा" ऐकावं लागू नये.

तपासा: लेकेमेडेल्सकोल्लेन या सेवेत बँकआयडीने लॉगिन केलं की कोणती औषधं घेतली आणि किती जमा झालं ते दिसतं. खरेदीच्या आधी पाहा.

पायरी ७: मुदत संपायच्या आधी

फ्रीकोर्ट सुरू असताना राहिलेली कामं उरकून घेणं यात गैर काही नाही. पण इथली प्रतीक्षा ध्यानात घ्या. उपचाराची हमी ०–३–९०–९० अशी आहे: वोर्डसेंट्रलशी संपर्क त्याच दिवशी, प्राथमिक तपासणी ३ दिवसांत, तज्ज्ञाची भेट ९० दिवसांत, ठरलेला उपचार आणखी ९० दिवसांत. तज्ज्ञाकडे जायचं असेल तर मुदत संपायच्या निदान चार महिने आधी रेमीस, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, मागा. शेवटच्या महिन्यात मागितलेल्या भेटीची तारीख नव्या मुदतीत पडते आणि फी परत पहिल्या क्रोनरपासून सुरू होते.

उलट हिशेबही असतो. मुदत संपायला दोन आठवडे आहेत, जमा फक्त ३०० आहेत, आणि पुढे मोठ्या उपचाराच्या बऱ्याच भेटी ठरलेल्या आहेत. अशा वेळी तातडी नसलेली भेट नव्या मुदतीत ढकलली तर ती त्या मोठ्या उपचाराच्या खात्यात जमा होते. तातडी नसलेली, हे शब्द महत्त्वाचे. छातीत दुखत असताना कोणीही हे गणित करू नये. ११२ ला फोन करावा.

औषधांसाठी: मोफत मुदत १० मार्चला संपते आणि दोन-तृतीयांशाची अट २ मार्चला पूर्ण होते, तर २ ते १० मार्चच्या दरम्यान फार्मसीत जा. आठवडाभर उशीर झाला तर तेच औषध पूर्ण किमतीला पडेल.

पायरी ८: जास्त भरलं गेलं तर

१. सगळ्या पावत्या तारखेने लावा आणि मर्यादा कोणत्या भेटीला ओलांडली ते खूण करून ठेवा.
२. ज्या दवाखान्यात मर्यादेनंतर फी घेतली गेली तिथे आधी जा. तिथे जमलं नाही तर रीजनच्या रुग्ण-फी विभागाकडे.
३. पावत्यांच्या प्रती द्या, मूळ आपल्याकडे ठेवा. मूळच हव्या असतील तर देण्याआधी फोटो काढा.
४. बिल आलं असेल आणि ते चुकीचं वाटत असेल तर न भरता गप्प बसू नका. देय तारखेच्या आत लेखी हरकत घ्या. हरकत न घेता ठेवलेलं बिल शेवटी सरकारी वसुली कार्यालयाकडे जाऊ शकतं, आणि एकदा तिथे थकबाकीची नोंद झाली की भाड्याचं घर मिळवताना अडचण येते.

पायरी ९: दातांचं वेगळं गणित

दातांची सेवा ज्या वर्षी १९ पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत मोफत आहे. २०२५ च्या आधी ती २३ पर्यंत होती, म्हणून ओळखीतल्या विद्यार्थ्याचा जुना अनुभव धरून चालू नका. त्यानंतर दरवर्षी सर्वसाधारण दंत अनुदान मिळतं, वयानुसार ३०० किंवा ६०० क्रोनर. ते दरवर्षी १ जुलैला जमा होतं आणि एक वर्ष साठवून दोन वर्षांचं एकदम वापरता येतं.

मोठ्या कामासाठी सूट (६७ वर्षांखालच्यांना) अशी: संदर्भ किमतीचे पहिले ३,००० क्रोनर तुमचे, ३,००० ते १५,००० मधला अर्धा भाग फोरशेक्रिंग्सकासान ही विमा संस्था भरते, १५,००० च्या पुढे ८५ टक्के. संदर्भ किंमत म्हणजे सरकारने त्या कामासाठी ठरवलेली किंमत. दंतवैद्याचा दर तिच्याहून जास्त असू शकतो, आणि तो वरचा फरक सगळा तुमचा.

समजा काम संदर्भ किमतीने ९,००० चं आहे आणि दंतवैद्य १०,००० घेतो. सूट ६,००० च्या निम्मी, ३,०००. तुम्ही भरता ७,०००. हेच काम दोन वेगवेगळ्या मुदतींत अर्धं-अर्धं केलंत तर प्रत्येक वेळी ४,५०० मधून ३,००० तुमचे, सूट ७५० दोनदा, म्हणजे १,५००. सूट अर्ध्यावर आली. म्हणून मोठी कामं एकाच बारा महिन्यांत बसवा.

सावधान: दातांची नोंद काम पूर्ण झालेल्या दिवसाची होते. मुदत संपायच्या आठवड्यात कॅपचं माप घेतलं आणि कॅप पुढच्या महिन्यात बसवली, तर ती नव्या मुदतीत मोजली जाते. काम सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात प्रत्येक कामाची संदर्भ किंमत आणि त्यांचा दर शेजारी-शेजारी मागा, आणि दोन ठिकाणांची अंदाजपत्रकं ताडून बघितल्याशिवाय तारीख देऊ नका.